दोनाचे बारावे मूळ : पेटी जुळवण्याच्या प्रोग्रॅमच्या नोंदी

४ नोव्हेंबर, ग्वाल्हेर

लष्कर भागातील दौलतगंजात आमच्या घराच्या माडीवर नानांचे, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचे, पेटीदुरुस्तीचे (हार्मोनियमच्या दुरुस्तीचे) काम चालते. डिसेंबरात तानसेन समारोह हा संगीत महोत्सव असतो, त्यामुळे दिवाळी आटोपली की पेट्यांची रांग लागते. नानांचे कान अजून शाबूत आहेत, परंतु वरच्या सप्तकातील सूर उजव्या कानाला कमी ऐकू येऊ लागल्यामुळे त्यांनीच मला एक प्रोग्रॅम लिहून मागितला आहे. त्यांची मागणी नेमकी आहे : "मला आकड्यांचा डोंगर नको. सूर चढा आहे की उतरा, आणि कानस किती मारायची, एवढेच सांग."

कामाचे दोन भाग केले आहेत. अर्डुइनो उनो हा लहान बोर्ड हवा तो सूर वाजवून दाखवील आणि जुना लॅपटॉप मायक्रोफोनवरून पेटीचा सूर मोजील. बोर्डावरचा भाग सी भाषेच्या वळणाचा असेल आणि लॅपटॉपवरचा पायथनमध्ये. गणित शाळेतलेच आहे : मूळ, घातांक आणि लॉगॅरिदम. मी शिकले हिंदी माध्यमात, त्यामुळे डोक्यात अजून 'लघुगणक' हाच शब्द येतो.

६ नोव्हेंबर

आधार पांढरी सहाचा, म्हणजे सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा, धरला आहे : ४४० हर्ट्झ, जो १९७५ च्या आयएसओ १६ या मानकातही आहे. सप्तक म्हणजे दुप्पट, आणि त्या दुपटीचे बारा सारखे भाग करायचे असल्यामुळे प्रत्येक पट्टीचे सूत्र ४४० गुणिले दोनाचा (न भागिले १२) वा घात असे होते. येथे न म्हणजे पांढरी सहापासून मोजलेले अर्धस्वरांचे (त्या बारांपैकी एकेका भागाचे) अंतर.

सूत्र बरोबर असूनही पहिल्याच चाचणीत बारा पट्ट्या एकाच सुरात वाजल्या आणि तेरावी एकदम तार सप्तकात गेली. नाना म्हणाले, "ही पेटी नाही, भोंगा आहे." दोष भागाकारात होता. सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तरही पूर्णांकच येते, म्हणून न १ ते ११ असताना घातांक शून्यच राहत होता आणि कोणत्याही संख्येचा शून्यावा घात १ असतो. बाराऐवजी १२.० लिहिल्यावर पट्ट्या वेगळ्या झाल्या. अपूर्णांकी घातांक म्हणजे मूळ, ही गोष्ट आपण वहीत गृहीत धरतो. यंत्राला मात्र तो अपूर्णांक आहे हे आधी कळावे लागते.

त्याआधी आणखी एक तास वाया गेला होता, त्याचीही नोंद करून ठेवते. स्प्रेडशीटमध्ये घातासाठी टोपीचे चिन्ह चालते, म्हणून मी तेच येथे उतरवले. सी भाषेत ते चिन्ह घाताचे नसून बिटांची तुलना करणारे आहे. अपूर्णांक असता तर कंपायलरने, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाने, तक्रार केली असती, पण दोन्ही बाजूंना पूर्णांक असले की तो निमूटपणे उत्तर देतो : २ ^ १२ म्हणजे ४०९६ न येता १४ येते. पायथनमध्ये घाताला दोन फुल्या लागतात, आणि तेथेही २**१/१२ असे कंसाशिवाय लिहिले तर आधी घात आणि मग भागाकार होऊन ०.१६६६ मिळते. बारावे मूळ हवे असेल तर १/१२ कंसात घालणे अनिवार्य आहे.

९ नोव्हेंबर

बोर्डावर घात काढण्यापेक्षा एकदा गुणक ठरवून प्रत्येक पट्टीला त्याने गुणत जावे, असे वाटले. दोनाचे बारावे मूळ १.०५९४६३ आहे. मी घाईत १.०५९ लिहिले. चौथ्या दशांश स्थळाने काय बिघडणार, असा माझा समज होता. बारा वेळा गुणल्यावर ८८० ऐवजी ८७५.४ आले, म्हणजे सप्तक सुमारे नऊ सेंटांनी उतरले. (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. हे एकक पुढच्या नोंदीत येईल.) गुणाकारात चूक नुसती पुढे जात नाही, ती घातांकाइतक्या पटीने वाढते. तेव्हापासून नियम केला की प्रत्येक पट्टी आधारापासून थेट काढायची, शेजारच्या पट्टीवरून नाही. नाना पेटी जुळवतात तेव्हा हेच करतात : प्रत्येक सूर षड्जाशी ताडून पाहतात, आधीच्या सुराशी नाही.

बारावे मूळ हाताने कसे काढत असतील, हा प्रश्न नानांनी विचारला. बारा म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन, म्हणून दोनाचे वर्गमूळ काढायचे, १.४१४२१४, त्याचे पुन्हा वर्गमूळ, १.१८९२०७, आणि त्याचे घनमूळ, १.०५९४६३. चीनमधील मिंग घराण्याचा राजपुत्र जू झायू याने १५८४ साली ही संख्या काढली होती, तेव्हा नेपियरच्या लॉगॅरिदमच्या पुस्तकाला अजून तीस वर्षे अवकाश होता. आपल्याकडे वर्गमूळ आणि घनमूळ काढण्याची रीत आर्यभटाने गणितपादात इसवी सन ४९९ च्या सुमारास दिलीच होती, त्यामुळे साधने येथेही होती. सप्तकाचे बारा सारखे तुकडे करण्याची गरज मात्र आपल्या गवयांना भासली नाही, आणि ती का भासली नाही हे १९ डिसेंबरच्या नोंदीत येते.

१४ नोव्हेंबर

आज उलट प्रश्न. सूर ऐकून तो कोणत्या पट्टीचा आणि किती चुकलेला, हे सांगायचे. घातात पाया आणि घातांक माहीत असतात, उत्तर हवे असते. मुळात उत्तर आणि घातांक माहीत असतात, पाया हवा असतो. येथे पाया दोन आणि उत्तर, म्हणजे दोन सुरांचे गुणोत्तर, माहीत आहे. घातांक हवा आहे. हेच लॉगॅरिदमचे काम. एकाच समीकरणाच्या या तीन जागा आहेत, आणि कोणती जागा रिकामी आहे हे आधी कागदावर लिहिल्याशिवाय की-बोर्डाला हात लावायचा नाही, असे मी भिंतीवर चिकटवले आहे.

अलेक्झांडर एलिस याने १८८५ साली मांडलेल्या सेंट या एककात सप्तकाचे १२०० भाग असतात, म्हणजे एका अर्धस्वराचे शंभर. सूत्र असे : १२०० गुणिले दोन पायाचा लॉग, आणि लॉग कशाचा, तर दोन आंदोलनसंख्यांच्या (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या) गुणोत्तराचा. माझ्याजवळच्या जुन्या टिपणात १२०० ऐवजी ३९८६.३१४ हा गुणक होता, तो मी तसाच वापरला आणि सप्तक २७६३ सेंटांचे झाले. तो गुणक दहा पायाच्या लॉगसाठी होता. कॅल्क्युलेटरवर लॉग म्हणजे दहा पायाचा. पायथन आणि सी या दोन्हींत नुसते लॉग लिहिले की तो नैसर्गिक, म्हणजे ई पायाचा. त्याच्यासाठी गुणक १७३१.२३४ आहे. दोन्ही भाषांत दोन पायाचा लॉग स्वतंत्रपणे मिळतो, तो वापरला की गुणक पाठ करण्याची गरजच उरत नाही.

पाया बदलून घेण्यात आणखी एक खोच आहे. हजाराचा दहा पायाचा लॉग तीन आहे, हे शाळकरी मूल सांगेल. परंतु पायथनमध्ये नैसर्गिक लॉगांचा भागाकार करून तो काढला तर २.९९९९९९९९९९९९९९९६ येतो, आणि त्याचा पूर्णांक भाग घेतला तर दोन. तसेच ६४ चा एकतृतीयांशावा घात ४ न येता ३.९९९९९९९९९९९९९९९६ येतो, कारण एकतृतीयांश ही संख्या द्विमान पद्धतीत पूर्ण मावतच नाही. पट्टीचा क्रमांक काढताना मी पूर्णांक भाग घेत होते, त्यामुळे अगदी अचूक लागलेली पट्टी अधूनमधून 'आधीची पट्टी, शंभर सेंट चढी' अशी दाखवली जात होती. आता जवळच्या पूर्णांकाकडे वळवते आणि उरलेला फरक चढा-उतरा म्हणून दाखवते.

२२ नोव्हेंबर

नानांनी पहिली पेटी प्रोग्रॅमवर तपासली आणि प्रोग्रॅम खोटा ठरवला. त्यांचे म्हणणे असे की खर्जातील सूर उघड चुकलेला असताना पडद्यावर हिरवा दिवा लागतो, आणि तार सप्तकातील सूर बरोबर असताना लाल.

कान त्यांचाच बरोबर होता. मी एक हर्ट्झपर्यंतचा फरक चालेल असे ठरवले होते. खालच्या पांढरी एकला, १३०.८१ हर्ट्झवर, एक हर्ट्झ म्हणजे १३.२ सेंट, दोन सप्तके वरच्या पांढरी एकला, ५२३.२५ वर, तोच एक हर्ट्झ म्हणजे फक्त ३.३ सेंट. कान वजाबाकी करत नाही, भागाकार करतो. म्हणून सूट द्यायची ती लॉगच्या मोजपट्टीवर : सगळीकडे तीन सेंट. वरचा सूर चुकीचा का म्हटला गेला, याचे कारण निराळेच निघाले. बोर्डाचे सूर वाजवणारे फंक्शन फक्त पूर्णांक आंदोलनसंख्या घेते, अपूर्णांक कापून टाकते, आणि मी त्याच सुरावर प्रोग्रॅमचा मापदंड लावून घेतला होता. १३०.८१ चे १३० झाले की पावणेअकरा सेंट गेले. बोर्ड आता फक्त ढोबळ सूर देण्यासाठी ठेवला आहे, मापाला नाही.

ही चूक लिहिताना संकोच वाटला, पण या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला याच दिवशी कळली. हर्ट्झ ही गुणाकाराच्या जगातली संख्या आहे आणि सेंट ही बेरजेच्या. तुलना, सूट, सरासरी, ही सगळी कामे बेरजेच्या जगात करायची आणि अगदी शेवटी घात काढून परत यायचे.

२८ नोव्हेंबर

सरासरीचाच प्रश्न पुढे आला. नाना माधव संगीत महाविद्यालयात शिकले. पंडित भातखंड्यांच्या सहकार्याने १९१८ साली येथे सुरू झालेली ती संस्था. तेथल्या पुस्तकी पद्धतीप्रमाणे षड्ज २४० धरून त्यांनी मला विचारले : "२४० आणि ४८० यांच्या मधोमध कोण?"

मी ३६० म्हणाले. ते हसले, कारण ३६० म्हणजे पंचम, आणि पंचम सप्तकाच्या मधोमध नाही. त्यांनी छत्तीस इंची तारेचे उदाहरण दिले. छत्तीस इंचांवर षड्ज, अठरावर तार षड्ज आणि मधोमध सत्तावीस इंचांवर शुद्ध मध्यम, म्हणजे ३२०. लांबीची सरासरी घेतली तर मध्यम, आंदोलनांची घेतली तर पंचम. कानाला मधोमध वाटणारा सूर या दोघांच्या मध्ये आहे : २४० आणि ४८० यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, ३३९.४१, म्हणजे पेटीवरचा तीव्र मध्यम. लॉग घेऊन सरासरी काढली तर तोच येतो, कारण लॉगचे निम्मे म्हणजे वर्गमूळ.

हे गणित मला पाठ होते. पण तीन सरासऱ्यांना तीन सुरांची नावे असतील, असे कधी मनात आले नव्हते. संध्याकाळी पेटीवर तिन्ही वाजवून पाहिले.

प्रोग्रॅममध्ये एकाच सुराची दहा मापे घेते. ती एकमेकांच्या जवळ असली की कोणतीही सरासरी चालते, फरक नगण्य असतो. खरा धोका एखादे माप चुकून दुपटीचे येण्याचा, म्हणजे प्रोग्रॅमने वरचे सप्तक ऐकण्याचा आहे. तेथे कोणतीच सरासरी उपयोगाची नाही, मधले माप घ्यावे लागते.

३ डिसेंबर

पेटीचे नव्हे, तंबोऱ्याचे काम. एका विद्यार्थिनीने काळी एकचा तंबोरा काळी दोनवर चढवायला आणला आणि दुसरीच खुंटी पिळताना तार तुटली. तारेची आंदोलनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. मर्सेनचा हा नियम सतराव्या शतकातला आहे. उलटून पाहिले तर ताण आंदोलनांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावा लागतो. दोन अर्धस्वर म्हणजे दोनाचा २/१२ वा घात, त्याचा वर्ग म्हणजे ४/१२ वा, अर्थात दोनाचे घनमूळ : १.२६. सूर जेमतेम बारा टक्के चढला तरी ताण सव्वीस टक्के वाढतो. पूर्ण सप्तक चढवायचे तर चौपट. नानांनी बारीक तार चढवली आणि विषय संपवला.

११ डिसेंबर

मापनातली अडचण. मायक्रोफोन सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो आणि मी एका आवर्तनात किती नमुने बसतात ते मोजते. ५२३.२५ हर्ट्झला ८४.२८ नमुने बसतात. ८४ की ८५ एवढाच निर्णय केला तर फरक साडेवीस सेंटांचा, म्हणजे यंत्र नानांच्या बिघडलेल्या कानाहूनही वाईट. शिखराभोवतालच्या तीन बिंदूंतून परवलय काढून शिखर अपूर्णांकात शोधल्यावर माप एका सेंटाच्या आत आले.

भाता थांबला की आवाज बंद होतो आणि आंदोलनसंख्या शून्य मिळते. शून्याचा लॉग नसतो, म्हणून पायथन तेथेच त्रुटी देऊन थांबतो. आधी आवाजाची पातळी पाहायची आणि मगच लॉग घ्यायचा, असे केले.

१२ डिसेंबर

पट्टीचे नाव अंतराला १२ ने भागून उरलेल्या बाकीवरून ठरते. आधाराच्या खालच्या सुरांना अंतर ऋण असते. उणे एकला बाराने भागल्यावर पायथन बाकी ११ देतो आणि सी उणे एक. लॅपटॉपवर नाव बरोबर येत होते, बोर्डावर भलतेच. बारा मिळवून पुन्हा बाकी काढली.

१९ डिसेंबर

समारोहासाठी शहरात आलेल्या एका गायकाची पेटी दुरुस्तीला आली. प्रोग्रॅमने तिची प्रत्येक पट्टी दीड सेंटाच्या आत बरोबर ठरवली, आणि तरीही गायकाची तक्रार होती की गांधार टोचतो.

षड्ज काळी एक, २७७.१८ हर्ट्झ. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो पाचव्या स्वनकातून, म्हणजे तारेच्या मूळ आंदोलनसंख्येच्या पाचपट असलेल्या उपसुरातून, येतो, म्हणून त्याचे षड्जाशी गुणोत्तर ५/४ आहे : ३४६.४८ हर्ट्झ, ३८६.३ सेंट. पेटीचा गांधार ४०० सेंटांवर, ३४९.२३. दोन्ही एकत्र वाजले की षड्जाचा पाचवा आणि गांधाराचा चौथा स्वनक यांत सेकंदाला अकरा ठोके पडतात, आणि टोचते ते हेच. पंचमाचे तसे नाही. खरा पंचम ७०१.९६ सेंटांचा, पेटीचा ७००. ठोका सेकंदाला जेमतेम एक.

दोनाचे कोणतेही बारावे, सहावे वा चौथे मूळ ५/४ इतके किंवा ३/२ इतके येऊ शकत नाही. दोनाचा कितवाही पूर्ण घात घेतला तरी त्यात तीन किंवा पाच हा अवयव शिरणार नाही. म्हणूनच बारा पंचम चढत गेले तरी सात सप्तकांशी ते जुळत नाहीत, साडेतेवीस सेंट जास्तच उरतात. समान भागांच्या पेटीत पट्टी कोणतीही धरून गाता येते, त्याची किंमत गांधार मोजतो. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, तिच्यामागे हे स्वरांतराचे आक्षेपही होते. बंदी मला पटत नाही, परंतु आक्षेप आकड्यांत खरा आहे.

प्रोग्रॅममध्ये दुसरा तक्ता घातला : षड्ज कोणता ते विचारायचे आणि बाकीचे सूर गुणोत्तरांवरून काढायचे. गुणोत्तरे ठरवण्याचा अधिकार मात्र प्रोग्रॅमला दिलेला नाही. कोणत्या रागाचा गांधार किती उतरा हे नाना सांगतात आणि मी सेंटांत लिहून ठेवते.

२७ डिसेंबर

गायकाच्या पेटीतला मधल्या सप्तकाचा गांधार उतरवला. सुराच्या (पेटीतल्या पितळी जिभेच्या) मोकळ्या टोकाजवळ पितळ घासले तर सूर चढतो आणि रिव्हेटच्या बाजूला घासले तर उतरतो. तेथे जीभ लवचीक होते आणि आंदोलनसंख्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. एक टक्का कडकपणा गेला तर आंदोलने अर्धा टक्का घटतात, म्हणजे सुमारे पावणेनऊ सेंट. नानांनी मागितलेले 'कानस किती' याचे उत्तर या हिशेबातून निघते. पितळ किती निघाले ते वजनकाट्यावर कळत नाही, पण एका हलक्या फेऱ्याला किती सेंट जातात हे मोजता येते.

सुरुवातीला गांधार तंबोऱ्याच्या गांधारापेक्षा चौदा सेंट चढा होता. तीन फेऱ्यांनी नऊ, आणखी तीन फेऱ्यांनी चार. भात्याचा दाब वाढवला की सूर किंचित उतरतो, म्हणून माप नेहमी सावकाश भात्यावरच घेतले. सातव्या फेरीनंतर पडद्यावर दोन सेंट चढा दिसत असताना नानांनी कानस खाली ठेवली. मी म्हटले, अजून दोन बाकी आहेत. ते म्हणाले, "पितळ आत्ता गरम आहे. सकाळी बघ."

सकाळचे माप घेऊन काळी चारला सुरुवात करायची आहे.